फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री मर्डर आपल्याकडे असतं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन सिरीजमध्ये फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री मर्डर म्हणतात तसं आपल्या कायद्यात आहे का आणि शिक्षा किती. मी ठाण्यात कोर्ट नाक्याला फौजदारी वकिली करते, रोजचाच विषय आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिग्री आपल्याकडे नाही. तिकडे राज्याराज्यात फरक आहे पण ढोबळमानाने ठरवून केलेला खून फर्स्ट, न ठरवता पण हेतूने केलेला सेकंड, त्याखाली मॅनस्लॉटर, म्हणजे खुनाइतका गंभीर न धरलेला मनुष्यवध. आपल्याकडे खून आणि सदोष मनुष्यवध, म्हणजे जीव घेतला पण खुनाच्या व्याख्येत न बसणारा गुन्हा. खुनाचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं (आयपीसी) कलम ३०२ आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३ झालंय, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप आणि वर दंड, म्हणजे खून सिद्ध झाला की जन्मठेपेच्या खाली यायची सोय जजसाहेबांनाही नाही. सदोष मनुष्यवध म्हणजे जुनं ३०४, आता १०५, त्यात इरादा असेल तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, आणि नुसती जाणीव असेल की याने जीव जाऊ शकतो, तर १० वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर १०६, साधारण ५ वर्षांपर्यंत.

पण लोकांचा खरा घोळ वेगळाच असतो. मध्यंतरी एक आई आली होती, चार्जशीटची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली, म्हणाली मॅडम, पोरगा काय ठरवून गेला नव्हता हो, मग खून कसा? मी पोस्टमॉर्टेमचं पान काढलं, छातीत डाव्या बाजूला एकच वार, खोल. भांडण पार्किंगवरून झालेलं पण चाकू त्याने वर घरी जाऊन आणलेला. आपल्याकडे खुनाला प्लॅन लागतच नाही, आणि मारायचं नव्हतं, फक्त जखम करायची होती असं म्हटलं तरी, ती जखम मुद्दाम केलेली असेल आणि माणूस मरायला सर्वसाधारणपणे पुरेशी असेल तर तो खूनच धरतात. हे तिला सांगताना मला फार जड गेलं.

तोच मुलगा खाली झटापटीत हाताला लागलेला पाईप एकदा मारून बसला असता तर अचानक भांडणाचा अपवाद मागता आला असता आणि १०५ वर यायची आशा होती, अर्थात क्रूरपणे वागलेला नसेल तरच. दुसरा अपवाद गंभीर आणि अचानक चिथावणीचा, त्यात नौदल अधिकारी नानावटीची केस बघा, १९५९ ची, बायकोने आहुजा नावाच्या माणसाशी संबंध कबूल केल्यावर नानावटी आपल्या नौदलाच्या बोटीवर गेला, रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या, मधे साधारण ३ तास गेले, म्हणून १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपवाद नाकारला आणि जन्मठेप कायम ठेवली. डोकं शांत व्हायला वेळ मिळाला होता का, हे कोर्ट फार बारकाईने बघतं.

आणि जन्मठेप म्हणजे १४ वर्षं नाही हो, उरलेलं सगळं आयुष्य. खुनाच्या जन्मठेपेत १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकार सूट देऊन सोडू शकत नाही, एवढाच तो आकडा.

ओळखीत खरंच केस चालू असेल तर आधी घटनेची तारीख बघा, १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर निकाल आजही जुन्या ३०२, ३०४ नेच लागणार. आणि पोलिसांनी खुनाचं कलम लावलंय म्हणून हातपाय गाळू नका, पुरावा झाल्यावर कोर्ट ते खाली आणू शकतं, त्यासाठी वकिलाला घटनेची प्रत्येक मिनिटाची हकीकत खरी खरी सांगा.