पारा आणि गर्भाचा मेंदू: सुरुवात करताना

आधी एक पक्कं करा: सगळा पारा एका मापात मोजू नका. थर्मामीटरमधला पारा गिळला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो. त्याची वाफ मात्र घातक. गर्भाला सर्वांत मोठा धोका मिथाइल पाऱ्याचा, म्हणजे मुख्यतः मासे खाण्यातून शरीरात येणाऱ्या सेंद्रिय पाऱ्याचा. सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटला की तो मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो, मग वार (प्लासेंटा) आणि मेंदूची दारं त्याला आपला समजून आत घेतात. नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्ताच्या साधारण 1.7 पट भरतो. जपानमधल्या मिनामाताला याच पाऱ्याने दूषित मासे खाऊन विषबाधा झाली, तेव्हा आयांना फारसा त्रास नसतानाही बाळं गंभीर आजारी जन्मली. गर्भात चेतापेशींचं स्थलांतरच, म्हणजे आपापल्या जागी सरकणंच, बिघडतं, त्यामुळे इजा मेंदूभर पसरते.

गरोदरपणात कधी किती पारा शरीरात गेला हे आईच्या केसांवरून कळतं. केसांचा नमुना टाळूलगत कापा, मुळाकडचं टोक लगेच दोऱ्याने बांधा. 1 सेंमी केस म्हणजे साधारण एका महिन्याची वाढ. टोकं उलटली की गरोदरपणाचे महिनेच चुकतात.