मिटलेले डोळे उघडता येतात, राहिलेलं माणूस आणून उभं करता येत नाही

तुम्ही विचारलंय की घरच्या ग्रुप फोटोत दर वेळी कुणाचे तरी डोळे मिटतात, कुणी तरी राहूनच जातं, तर फोनवर एडिट करून हे निस्तरता येईल का. डोळ्यांचं जमतं. राहिलेल्या माणसाचं जमत नाही. आमच्या घरात ते माणूस मी आहे, म्हणून लिहायला बसले.

मे 2022. कऱ्हाडला सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. अंगणात 31 माणसं, पुढे सतरंजीवर पोरं, मधल्या खुर्च्यांवर मामा आणि आई, म्हणजे माझे सासू-सासरे, मागे बाकीचे सगळे. धाकट्या दिरांनी नेहमीप्रमाणे फोन माझ्या हातात दिला. "वहिनी, तुम्हीच काढा, तुमचा हात हलत नाही." लग्न झाल्यापासून मी हेच ऐकतेय. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, फोन शिडीच्या पायरीवर टेकवू, टायमर लावू, म्हणजे मीही येते. त्यावर भावजी म्हणाले, "आता कशाला वेळ घालवायचा? लोक जेवायचे थांबलेत. तुम्हाला मी नंतर टाकतो ना फोटोत."

आणि टाकलं. जानेवारीतल्या हळदीकुंकवाच्या फोटोतून मला कापून काढलं आणि मागच्या रांगेत नणंदेच्या शेजारी चिकटवलं. त्या दिवशी मी आईंनी दिलेली हिरवी इरकल नेसले होते. फोटोत माझ्या अंगावर जांभळी साडी आहे. सगळ्यांच्या तोंडावर डावीकडून संध्याकाळचं ऊन आहे, माझ्या तोंडावर समोरून फ्लॅश. सगळे किंचित डोळे बारीक करून बघताहेत, मी एकटी टक्क. नणंदेच्या खांद्यावर माझी सावलीसुद्धा पडलेली नाही. फ्रेम करायला टाकला तेव्हा दुकानातल्या माणसाने काच पुसता पुसता सहज विचारलं, "ताई, तुम्ही कार्यक्रमाला नव्हतात का?" मी पहाटे चारला उठून पुरणाला लागले होते.

तो फोटो आजही हॉलमध्ये आहे. भावजींचं म्हणणं, दिसताय ना, मग झालं. माझं म्हणणं, मी तिथे होते आणि फोटोत मी तिथली नाही. हा वाद चालूच आहे.

आता तुमच्या डोळ्यांचं. एका फोटोवर थांबू नका. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी ऑस्ट्रेलियात याचं चक्क गणित मांडलं आणि गमतीशीर वाटणाऱ्या संशोधनाला मिळणारं 2006 चं इग नोबेल मिळवलं. वीसच्या आत माणसं असतील आणि उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. तितके फोटो काढले की एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला निघण्याची चांगली शक्यता असते. म्हणजे 18 जणांना दिवसाउजेडी सहा. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून तिथे जास्त काढायचे. 31 माणसांना हा हिशोब लागू होत नाही, मी सरळ पंधरा-वीस काढते. लागोपाठचे फोटो हाताशी असले की गूगलच्या पिक्सेल 8 फोनपासून आलेली बेस्ट टेक ही सोय एकेकाचा चांगला चेहरा त्यांतूनच उचलून बसवते. ते मला चालतं, कारण तो चेहरा त्याच जागचा, त्याच क्षणाच्या आसपासचा, त्याच उन्हातला असतो.

मागची रांग काळवंडली असेल तर स्नॅपसीड या एडिटिंगच्या ॲपमधलं सिलेक्टिव्ह घ्या, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून तेवढाच उजळा. अख्खा फोटो उजळला की पुढच्यांचे पांढरे सदरे नुसते पांढरेफटक होतात. पोर्ट्रेट मोड ग्रुपला लावूच नका, मागची माणसं धूसर होतात. सगळे मावावेत म्हणून कॅमेऱ्यातल्या 0.5 वर, म्हणजे वाइड लेन्सवर, जाऊ नका, कडेच्या माणसांचे चेहरे ओढल्यासारखे रुंद होतात आणि ते नीट करणं फार कटकटीचं आहे. त्यापेक्षा चार पावलं मागे सरका. चेहरे गुळगुळीत करणारे फिल्टर तर मुळीच नकोत. आईंच्या सुरकुत्या पुसलेला एक फोटो आमच्याकडे आहे, त्यांच्या सख्ख्या बहिणीने तो ओळखला नाही.

राहिलेल्या माणसासाठी पिक्सेल 9 पासून ॲड मी नावाची सोय आहे. एकाने फोटो काढायचा, मग फोन दुसऱ्याकडे देऊन स्वतः जाऊन उभं राहायचं, फोन दोन्ही जोडतो. त्याला माझी हरकत नाही, तो माणूस त्याच वेळी त्याच जागी खरोखर उभा असतो. पण त्यासाठी तो फोन हवा. टायमर प्रत्येक फोनमध्ये आहे. ब्लूटूथचं छोटं रिमोट शे-दोनशे रुपयांत मिळतं, स्टँड नसेल तर शिडी आहे, खिडकी आहे, तांदळाच्या डब्यावर डबा आहे. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांना मी हे घड्याळ लावून दाखवलंय.

एक सांगायचं राहिलं. मागून जाणारा स्कूटरवाला, दोरीवरचा टॉवेल हे मॅजिक इरेझरने खुशाल पुसा, 2024 पासून गूगल फोटोजमध्ये ते सगळ्यांना फुकट आहे. एडिट केलेला फोटो कॉपी म्हणून सेव्ह करा, मूळ फोटो ठेवा, आणि प्रिंटला द्यायचा तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फोटोचा दर्जा उतरत नाही. तुमच्या घरात फोन नेहमी एकाच माणसाच्या हातात दिला जात असेल, तर ॲप शोधण्याआधी तो त्याच्या हातातून घ्या.

गेल्या गणपतीत मी शिडी स्वतः अंगणात आणून ठेवली आणि सगळ्यांना उभं केलं. सतरा फोटो निघाले, त्यातल्या अकराव्यात सगळे नीट आहेत. मी आईंच्या मागे उभी आहे, हिरव्या इरकलमध्ये, माझ्याही तोंडावर डावीकडून ऊन आहे. हॉलमधल्या फ्रेमचं माप मी टेपने घेऊन ठेवलंय, त्याच मापाची प्रिंट या महिन्यात करून घेणार आहे.