वाचक विचारतात : स्टिअरिंगचा प्ले आणि मंद दिवे

प्रश्न : माझ्या 1992 च्या जीपचं स्टिअरिंग तीन बोटं मोकळं फिरतं. मेकॅनिक स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दातांची पेटी) घट्ट करू म्हणतो. शिवाय हॉर्न वाजवला की हेडलाइट मंदावतात. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बॉक्सच्या स्क्रूला आधी हात लावू देऊ नका. दोष बाहेरच्या सांध्यांत असेल, तर बॉक्स आवळून वळणानंतर स्टिअरिंग परत येईनासं होतं आणि आतले दात झिजतात.

इंजिन बंद ठेवून चाकं जमिनीवरच असू द्या. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा, तुम्ही खाली ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) आणि टायरॉड एंडवर (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बोटं ठेवा. झिजलेल्या सांध्यात टक्‌ असा धक्का बोटांना स्पष्ट जाणवतो. तो एंड बदला, नवी कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुमडती पिन) घाला आणि अलाइनमेंट करून घ्या. मग पुढचा भाग जॅकवर उचलून स्टँड लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले (मोकळी हालचाल) नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं ती खुंटी). हे सगळं ठीक असेल तरच बॉक्स, तोही चाकं सरळ ठेवून, थोडाथोडा.

दिव्यांसाठी आधी अर्थिंग (बॅटरीचा निगेटिव्ह खांब इंजिन-बॉडीला जोडणारी पट्टी) पाहा. कोकणच्या दमट हवेत ते गंजतंच. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थ पट्टी काढा, टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत करा, रंग खरवडून बसवा, वरून व्हॅसलिन लावा. चालू इंजिनवर बॅटरीला 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळत नसतील, तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासा.