माणसं मिळत नाहीत म्हणे!

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बातम्यांत म्हणतात माणसं मिळत नाहीत आणि तू बीकॉम होऊन बँकेच्या परीक्षा देत घरी बसलायस, मग खोटं कोण बोलतंय, असं विचारलंस. कुणीच नाही. लार्सन अँड टुब्रोने 2024 मध्ये जाहीर सांगितलं की 25 ते 30 हजार मजूर कमी पडतायत. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारतावरच्या अहवालात 2022 चा आकडा आला: पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4. म्हणून न शिकलेले सुखी आहेत असं समजू नकोस. त्यांना रिकामं बसणं परवडत नाही, मिळेल ते करतात. तुला वडिलांच्या पगारावर थांबता येतं, एवढंच.

माणसं मिळत नाहीत असं कुणी म्हटलं की विचारायचं, किती मजुरीत? आणि राहायचं कुठे? इथल्या मुंबईतल्या साइटवर बिहार-झारखंडचा मजूर मुकादमामार्फत येतो, पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीने राहतो, छठला गावी गेला की परतेलच असं नाही. खाणं-भाडं जाऊन हातात फारसं उरत नसेल तर त्याने का यावं? लॉकडाउनमध्ये या शहराने त्याला कसं वागवलं तेही तो विसरलेला नाही. 2018-19 मध्ये देशातले 42.5 टक्के कामकरी शेतीत होते, 2023-24 मध्ये 46 टक्के झाले. शेतीत एवढं काम वाढलंय का? नाही. शेतीतून कारखान्याकडे जायची वाटच उलटी फिरली.

तू बघायचं ते वेगळं. काम शिकायला किती वेळ लागतो? आठ दिवसांत जमणाऱ्या कामातली टंचाई उत्तरेकडून पुढची गाडी आली की संपते आणि मजुरी तिथेच अडकते. इलेक्ट्रिशियन, एसी-रेफ्रिजरेशन यांत तसं होत नाही. आयटीआयची दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिप, इलेक्ट्रिशियनला पुढे वायरमनचं लायसन्स. एवढं घाईघाईत कुणी उरकू शकत नाही. ऐरोली-महापेची डेटा सेंटर, मेट्रो 3 ची भुयारी स्टेशनं, नवी मुंबईचा विमानतळ घे. बांधणारे हात पुढच्या साइटवर जातात, पण चिलर (थंडाव्याची मोठी यंत्रं) आणि विजेची पॅनेल रात्रंदिवस सांभाळायला कुणीतरी लागतंच. (आयुष्य आयटीआयत निदेशक म्हणून गेलं, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे असं धरून चाल.) 1982 च्या गिरणी संपानंतर आमच्या लालबागच्या चाळीत हेच दिसलं. साचेखात्यात माग चालवणाऱ्या माणसाचं कसब गिरणीबाहेर कुणाला नको होतं, तो वॉचमन झाला. त्याच गिरणीतल्या फिटरला ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम मिळालं.

काम मिळालं म्हणजे नोकरी मिळाली असं मात्र नाही. नोंदणीकृत कारखान्यांतले साधारण 40 टक्के कामगार आज ठेकेदाराकडचे आहेत. म्हणून पगाराची स्लिप कोण देणार, पीएफ कोण भरणार हे पहिल्याच दिवशी विचार, लाजू नकोस. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांत प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचं बंधन आहे, ते मागून घे. अप्रेंटिसशिपलाही डोळे झाकून जाऊ नकोस. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. काही ठिकाणी खरंच शिकवतात, काही ठिकाणी स्वस्तात राबवून वर्षाने नवी बॅच आणतात. मागच्या बॅचमधले किती जण कायम झाले, हे गेटवरच्या चहावाल्यालाही माहीत असतं.

जर्मनीत कामाला जायचं का, हेही विचारलंस. आपल्या राज्याने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी 2024 मध्ये कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आहे. पण हातात कसब नसताना आणि भाषा येत नसताना एजंटला पैसे देऊ नकोस.

बीकॉम वाया जात नाही. एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन आणि जीएसटीचं बिल स्वतः करणारे एसी मेकॅनिक मी फार थोडे पाहिलेत आणि त्यातले बहुतेक आज स्वतःच्या हाताखाली माणसं ठेवून आहेत.

आयटीआयला प्रवेश दहावीच्या मार्कांवर मिळतो, तेव्हा ती मार्कशीट शोधून ठेव. बाबा ‘पदवीधर पोरगा पाना-पक्कड धरणार का’ म्हणतील. त्यांना रविवारी सकाळी घेऊन ये, मी बोलतो.

तुझा,
सर