खर्डा झालाय, माणसं बोलाव

प्रिय लेकी,
सप्रेम आशीर्वाद.

कादंबरीचा पहिला खर्डा संपल्याचं फोनवर सांगितलंस आणि त्याच दमात म्हणालीस, "पण सर, कुणाला सांगू नका, अजून कशात काही नाही." मी कुणाला बोललो नाही. पण तुला सांगतो, हे लपवून ठेवू नकोस. लिहिणारी चार माणसं बोलाव, जेवू घाल, त्यांच्यासोबत हा दिवस साजरा कर. तोही याच महिन्यात, पुस्तक निघण्याची वाट न बघता.

आपल्याकडे कवीला त्याच दिवशी दाद मिळते. वली आणि सिराज औरंगाबादी या जुन्या उर्दू शायरांचा हा मुलूख. कविसंमेलन असो की मुशायरा, ओळ आवडली की समोरचा लगेच 'पुन्हा एकदा' म्हणतो. कादंबरी लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. वर्षानुवर्षं एकटीनं लिहायचं, आणि घरच्यांना दिसतं काय, तर पोरगी दार लावून बसली आहे. तू शाळेची नोकरी, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी सांभाळून पहाटे लिहीत राहिलीस. मधला अख्खा भाग टाकून तो नव्यानं लिहिलास. याची किंमत ज्यानं कधीतरी असा कागद काळा केला आहे त्यालाच कळते. म्हणून म्हणतो, लिहिणारी माणसं बोलाव. नातेवाइकांना पेढे दे, आईच्या पाया पड, ते वेगळं.

नाथमहाराजांनी भागवतावरची टीका पैठणला सुरू केली आणि १५७३ मध्ये काशीला पूर्ण केली. तिथं ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक निघाली असं परंपरा सांगते. पण त्याच कथेत ही मिरवणूक पंडितांनी ग्रंथ पारखून घेतल्यावरची आहे. आपण सगळे तिच्याकडेच डोळे लावून बसतो: प्रकाशकाचा होकार, परीक्षणं, पुरस्कार. ते दुसऱ्यांच्या हातात असतं आणि कधीकधी येतही नाही. खर्डा पूर्ण करणं तुझ्या हातात होतं, ते तू केलंस.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात काय असतं आठव. ज्वारी खळ्यावर यायची असते, हरभऱ्याचे घाटे भरायचे असतात. अळी, धुकं, अवकाळी सगळं पुढं उभं असतं. तरी लातूर-धाराशिवकडचा शेतकरी कडब्याची कोप (खोपी) घालतो, पांडव पूजतो आणि भज्जी-आंबिलीला वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारतो. माल घरात आल्यावर बोलावू, असं कुणी म्हणत नाही. तुझा खर्डा आज त्याच अवस्थेत आहे.

आता बोलवायचं कुणाला? नाव झालेल्यांची यादी करू नकोस. अंबाजोगाईचा तो बँकेतला मित्र, ज्याच्या दोन कथा छापून आल्या आणि पुढं सुचेना, त्याला बोलाव. परभणीची नाट्यलेखन करणारी मैत्रीण, उदगीरचे ते निवृत्त गुरुजी. आणि ज्याची कादंबरी अर्ध्यात अडकून पडली आहे त्याला तर आठवणीनं बोलाव. तो येईल, अभिनंदन करील आणि मग कोपऱ्यात गप्प बसेल. त्या गप्प बसण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस आणि त्याला उपदेशही करू नकोस. त्याच्याजवळ बस. त्याची गोष्ट कुठं थांबली ते विचार, आणि खरंच ऐक. त्या दिवशी तुझ्याकडून कुणाला काही देता येण्यासारखं असेल तर ते हेच आहे. अशा बैठकीवरून घरी जाऊन माणसं जुनी वही उघडतात, हे मी पाहिलं आहे.

खर्च करू नकोस. हॉल नको, हार-तुरे नकोत, फ्लेक्स तर नकोच. प्रत्येकानं डबा आणावा.

वाचायचं तर एकच पान वाच, आणि जिथं तू सगळ्यात जास्त अडकली होतीस ते निवड. सजवलेला परिच्छेद ऐकून लोक 'छान' म्हणतील; अडलेलं पान ऐकलं की आपापल्या अडचणी बोलू लागतील. त्या दिवशी चिकित्सा नको, हे आधीच सांगून टाक. आपली माणसं प्रेमापोटी लगेच सूचना देतात: शेवट बदल, बोली कमी कर. बोली कमी करायची की नाही हे जेवणाच्या ताटावर ठरत नसतं. हस्तलिखित त्या संध्याकाळी कुणालाही देऊ नकोस, आणि भरात येऊन रात्रीतून प्रकाशकाला तर मुळीच पाठवू नकोस.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसमोर कर. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके १२१२ हे साल आहे, आणि सच्चिदानंदबाबांनी ती आदरानं लिहून घेतली हेही आहे. एवढ्या थोर ग्रंथात लिहून घेणाऱ्याचं नाव शेवटी घातलं गेलं. तूही खर्ड्याच्या प्रिंट काढलेल्या प्रतीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हातानं गावाचं नाव, तारीख आणि सोबत करणाऱ्यांची नावं लिही. शाळेत तुझे तास घेणाऱ्या बाईंचं, रात्री-अपरात्री प्रकरणं ऐकून घेणाऱ्या मैत्रिणीचं. पुढं छापताना काय ठेवायचं ते ठेव, पण या प्रतीवर ती नावं असू देत.

नंतर दोनेक महिने खर्डा बंद करून ठेव. पेनड्राइव्हवर एक प्रत, भावाच्या कॉम्प्युटरवर दुसरी. मग बोलावलेल्यांतल्याच दोघांना वाचायला दे: एक तुझी बोली पक्की जाणणारा, दुसरा ती अजिबात न जाणणारा. आणि बोलावलेल्यांपैकी कुणाचाही खर्डा पूर्ण होईल तेव्हा कितीही काम असलं तरी तू जा.

रविवार ठरव आणि कळव. मी सकाळच्या एसटीनं येतो. माझ्याकडं डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे असतील, ते दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

तुझा,
सर