झाडाच्या मुळांमुळे अंगणातली फरशी उचलली जाते. तिथे कोणती मजबूत फरशी टाकावी?

मजबूत काहीच टाकू नका. खोडाजवळ सिमेंटचा कोबा नको आणि सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवलेली फरशी तर नकोच नको. कचेवर, म्हणजे खडीच्या बारीक चुऱ्यावर, नुसते मांडलेले पेव्हर ब्लॉक, सुटी खडी किंवा मुरूम, यातलं काहीही चालेल. तुमच्या प्रश्नातला 'मजबूत' हा शब्द वाचून मला आमचा दादाच आठवला, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेला लागून गुलमोहर आहे. वाटेवर कोबा होता. तो तडकला की दादा ठेकेदाराला बोलावणार, ठेकेदार कुऱ्हाडीने मुळं छाटणार आणि आधीपेक्षा जाड कोबा ओतणार. पुन्हा तडकला की "या वेळी सळई टाकू". शेवटी दादा परगावी गेलेला असताना मी सगळा कोबा फोडून घेतला. त्यावरून जे महाभारत झालं ते वेगळंच.

पण खाली काय निघालं ते बघण्यासारखं होतं. धुमसून घट्ट केलेलं सोलिंग (कोब्याखालचा दगडांचा थर) आणि कोबा यांच्या फटीत मनगटाएवढं मूळ आडवं पसरलेलं. वरून सपाट, खालून गोल आणि कोब्याच्या जोडाशी त्याच्या कडेचा ठसा अंगावर घेतलेलं. घट्ट धुमसलेल्या जमिनीत मुळाला ना हवा मिळते ना शिरायला जागा. कोब्याच्या पोटाशी मात्र ओल धरते आणि हवाही असते, मग मूळ तिथेच येणार आणि वर्षागणिक जाड होणार. बहुतेक मुळं तशीही वरच्या अर्ध्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत जातात. त्यामुळे कोबा कितीही जाड करा, तो उचलला जाणारच.

मी एकही मूळ तोडू दिलं नाही. मुळांवर जिओटेक्सटाइलचं, म्हणजे पाणी झिरपू देणारं, कापड, त्यावर भुकटी नसलेली एकाच मापाची खडी, वर कच आणि मग ब्लॉक. वाट थोडी उंच झाली, होऊ दे. खोडाभोवती ऐसपैस आळं मोकळं ठेवलं. ब्लॉकांमधल्या फटींतही कचच भरली. इथे गवंड्यावर नजर ठेवा, पाठ फिरली की तो सवयीने सिमेंटचा घोळ ओततो आणि सगळं मुसळ केरात.

दादाचं म्हणणं, "दरवर्षी ब्लॉक कोण उचलत बसणार?" अरे, एखादा ब्लॉक वर आला तर पहारीने काढायचा, खालची कच सारखी करायची आणि परत बसवायचा. कोबा फोडायला मजूर लावण्यापेक्षा हे परवडलं. ही काही माझ्या डोक्यातली खुळं नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 1990 च्या दशकात फुटपाथखाली भरायला खास मिश्रण तयार केलं. त्यात वजनाने साधारण 80 टक्के खडी आणि 20 टक्के माती असते. भार खडी पेलते, मुळं मधल्या पोकळ्यांतून जातात. दादाला हे सांगितलं तर म्हणतो, "ते तिकडचं!" मुळांना इकडचं-तिकडचं कळतं का?

तुमच्याकडे गाडी जाते की नुसती ये-जा असते ते लिहिलेलं नाही. गाडी जात असेल तर खडीचा थर जाड लागेल, आणि नुसता मुरूम वापरायचा नाही, तो चाकांखाली दाबून कोब्यासारखाच होतो. घरात काठी किंवा व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल तर सुटी खडी विसरा, ब्लॉकच घ्या. उतारावरही खडी-मुरूम वाहून जातो. आळ्यात खोडाला माती चढवू नका, बुंधा कुजतो. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: खोडालगतची जाड मुळं पूर्वी छाटली गेली असतील तर फरशीचं नंतर बघा, आधी जाणकाराकडून झाड तपासून घ्या. असं झाड वादळात मुळासकट आडवं होऊ शकतं. आमच्या गुलमोहराच्या वेळी मी हेच म्हणत होतो, तेव्हा दादा म्हणाला, "मग झाडच काढू."