औशाचं घर विकायची घाई करू नका

"आम्ही सध्या पुण्यात आहोत. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. सासरे निवृत्त शिक्षक, वय ७६. सासूबाई ७०, गुडघ्यांनी हैराण. दोघं लातूरजवळच्या औशात एकटेच असतात. ह्यांचं काम घरून चालतं, महिन्यातून दोनदा ऑफिसला जावं लागतं. म्हणून मराठवाड्यात परत यायचं ठरवलंय. ह्यांना छत्रपती संभाजीनगर हवंय, मला लातूर. औशाचं घर विकून फ्लॅट घ्यायचा म्हणतात. सासरे काहीच बोलत नाहीत. काय करावं?"

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती शेवटून दुसऱ्या वाक्याची. सासरे काहीच बोलत नाहीत.

माझे वडील निवृत्तीनंतर माझ्याकडे राहायला आले. चौथा मजला. रोज सकाळी चप्पल घालून, पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे. "कुठं निघालात अण्णा?" म्हटलं, की "कुठं नाही" म्हणायचे आणि चप्पल काढून परत खुर्चीत. गावाकडं त्या वेळेला ते भाजी आणायला जायचे आणि पारावर तासभर बसून यायचे. तीन महिन्यांनी ते परत गेले. या म्हणून आम्ही आग्रह केला होता, यायचंय का हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ते अजून सलतं.

म्हणून आधी सासऱ्यांशी बोला. सगळ्यांसमोर नको. चहा घेताना एकट्यात विचारा, आणि सासूबाईंना वेगळं विचारा.

माझं मत लातूरच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण औसा. अर्ध्या-पाऊण तासावर आपलं घर, आपली माणसं. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, सासूबाईंना अर्धं तिकीट. मनात आलं की सासरे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतील. संभाजीनगरला दवाखाने मोठे, शाळा भरपूर, विमानतळही आहे, हे खरं. पण तिथून औसा म्हणजे अख्खा दिवस प्रवासात. मिस्टरांच्या पुण्याच्या फेऱ्यांना लातूरहून रात्रीची रेल्वे आहे.

पाण्याचं मात्र नीट बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्ही विसरला नसाल. संभाजीनगरचंही तेच, जायकवाडी उशाशी असून नळाला रोज पाणी नाही. तेव्हा घर बघायला दिवाळीत जाऊ नका, मे महिन्यात जा. एजंटाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा: नळाला किती दिवसांनी पाणी येतं? बोअरला एप्रिलनंतर पाणी राहतं का? टँकर कोण मागवतं, पैसे कोण भरतं? घर तळमजल्याचंच घ्या आणि संडासात कमोड आहे का ते आधी बघा. सासूबाईंचे गुडघे रोज तिथंच दुखणार आहेत.

लेकीचं. बदल करायचाच तर यंदाच्या जूनमध्ये, नववीच्या सुरुवातीला करा. दहावीच्या तोंडावर शाळा बदलू नका. आणि लातूरला आलं की आजूबाजूचे सगळे नीटच्या क्लासचं बोलतील. तिला डॉक्टर व्हायचंय का, हे तिनं अजून कुणाला सांगितलंय का? ती स्वतः म्हणेपर्यंत त्या रांगेत तिला उभं करू नका. धाकट्याचं फार मनावर घेऊ नका, चौथीतलं लेकरू आठ दिवसांत मित्र जोडतं.

राहिलं घर. ते विकू नका, निदान आत्ता तरी. लातूरला वर्षभर भाड्यानं राहा आणि एक उन्हाळा, एक पावसाळा काढा. औशाचं घर सासऱ्यांच्या नावावर असेल, तर विकायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, मिस्टरांनी नाही. हे मिस्टरांना तुम्हीच सांगा, पण भांडून नको. औशाच्या घराची एक किल्ली सासऱ्यांच्या खिशात राहू द्या.

ते काय म्हणाले, ते मला नक्की कळवा.